नाळ कोणी कापायची? नुनाविकमधल्या बाळंतपणांचं प्रकरण

विमान लहान आणि बाई अवघडलेली. दिवस भरायला काही आठवडे उरले की तिला गाव सोडावं लागे. धाकटी पोरं बहिणीकडे, थोरली आजीकडे, नवरा शिकारीवर किंवा कामावर. सोबत कुणी नाही. हडसन उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरून उडालेलं विमान तिला साधारण हजार किलोमीटरवरच्या, शेजारच्या ओंटारियो प्रांतातल्या मूस फॅक्टरी गावाला नेई, नाहीतर त्याहून लांब माँट्रियलला. तिथे ती कळा सुरू व्हायची वाट बघत राही. भाषा कळत नाही, ताटातलं अन्न ओळखीचं नाही, घरी पोरांचं काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. मूल झालं की ते कुशीत घेऊन मिळेल त्या विमानाने परत. मूस फॅक्टरीत जन्मलेल्या बाळाच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून अशा प्रांताचं नाव लागे, जिथे त्याचं कुणी राहत नव्हतं.

१९७० च्या दशकाची अखेर आणि १९८० च्या दशकाची सुरुवात या काळात कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या नुनाविक भागात तिथल्या मूळ रहिवासी इनुइट समाजातल्या बहुतेक बायकांची बाळंतपणं अशी झाली. १९८६ मध्ये पुविर्निटुक या गावात प्रसूतिकेंद्र उघडलं आणि हे चित्र पालटायला लागलं. ते कसं पालटलं आणि कुठे अजून तसंच आहे, हा या लेखाचा विषय.

हेच प्रकरण घ्यायचं कारण सांगतो. बायकांना दक्षिणेला पाठवण्याचा निर्णय कुणी वाईट हेतूने घेतला नव्हता. बाळं दगावू नयेत, आया दगावू नयेत, असं मनापासून वाटणाऱ्या डॉक्टरांनी आणि अधिकाऱ्यांनी तो घेतला. आदिम लोकांच्या आरोग्यसेवेतून वसाहतवाद काढून टाकायचा म्हणजे नेमकं काय काढायचं, हा प्रश्न इथे टोकदार होतो, कारण इथे दोष द्यायला समोर खलनायक नाही. समोर आहे चांगल्या हेतूने घेतलेला एक निर्णय आणि तो घेताना जिला विचारलंच गेलं नाही अशी बाई.

आधी काय घडलं होतं

नुनाविक म्हणजे क्यूबेकचा उत्तरेकडचा साधारण एक तृतीयांश भाग. चौदा गावं, सुमारे १४,००० वस्ती, त्यात दहापैकी नऊ इनुइट. एका गावातून दुसऱ्या गावात जाणारा रस्ता नाही आणि दक्षिणेकडे जाणाराही नाही. विमान, उन्हाळ्यात बोट, हिवाळ्यात बर्फावरची गाडी. पुविर्निटुकपासून माँट्रियल सरळ रेषेत सुमारे १,६०० किलोमीटर.

इनुइट आणि सरकारी आरोग्यसेवा यांची पहिली मोठी गाठ क्षयरोगाच्या निमित्ताने पडली. १९५० च्या दशकात ‘सी. डी. हाऊ’ नावाचं जहाज उन्हाळ्यात गावोगाव फिरायचं. जहाजावरच क्ष-किरण यंत्र. लोक वर चढायचे, छातीची तपासणी व्हायची आणि ज्याच्या फुप्फुसावर डाग दिसला त्याला अनेकदा निरोप घ्यायलाही पुन्हा किनाऱ्यावर उतरू देत नसत. मागे राहिलेल्या घरच्यांना तो कुठल्या शहरात, कुठल्या आरोग्यधामात आहे हे महिनोनमहिने कळत नसे. १९५६ च्या सुमारास दर सात इनुइटांमधला एक जण दक्षिणेतल्या कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात होता. अनेक जण बरे होऊन परतले, पण भाषा विसरलेली मुलं परतली, आणि काही जण कधीच आले नाहीत. त्यांना पुरलं कुठे हे कुटुंबांना पुढची कित्येक दशकं माहीत नव्हतं. ८ मार्च २०१९ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी उत्तरेतल्या इकालुइत शहरात जाऊन या सगळ्याबद्दल इनुइटांची अधिकृत माफी मागितली.

मूस फॅक्टरीचं रुग्णालय १९५० मध्ये उघडलं. हडसन किनाऱ्यावरून नेलेल्या अनेक क्षयरोग्यांना तिथेच ठेवलेलं असायचं. आणि तीस वर्षांनी याच किनाऱ्यावरच्या पोटुश्या बायकांना बाळंतपणासाठी त्याच ठिकाणी धाडलं जात होतं. पाठवणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी ते जवळचं, सोयीचं रुग्णालय होतं. विमानात बसणाऱ्या बाईच्या घरात मात्र ‘दक्षिणेला नेलं’ या शब्दांना आधीच एक अर्थ होता.

मधल्या काळात एक टप्पा होऊन गेला. १९६० च्या दशकात गावांमध्ये सरकारी नर्सिंग स्टेशनं होती. तिथे बहुतेक ब्रिटनकडून आलेल्या, सुईणपणाचंही शिक्षण घेतलेल्या नर्स असत. बाळंतपणं गावातच होत. मग अशा नर्स मिळेनाशा झाल्या, विमानं वाढली, प्रसूतिशास्त्र शस्त्रक्रियागृहाभोवती फिरू लागलं, आणि ज्या गावात सिझेरियनची सोय नाही तिथे बाळंतपण नको असा नियमच होऊन बसला.

गावाने काय गमावलं

कागदावर गमावलेलं काहीच दिसत नाही. बाई सुखरूप, बाळ सुखरूप. पण गावातल्या बायकांना आणि ज्येष्ठांना काय जात होतं ते स्पष्ट दिसत होतं, आणि ते समजायचं तर इथे थोडं थांबायला हवं.

नुनाविकच्या इनुइट रीतीत बाळाची नाळ कापणारी, किंवा त्याला पहिले कपडे घालणारी व्यक्ती त्याची आयुष्यभराची नातलग होते. तिला म्हणतात सानाजी. शब्दाचा अर्थ ‘घडवणारी’. मुलगा असेल तर तो तिचा अंगुसियाक, मुलगी असेल तर ती तिची आर्नालियाक. मूल कसं व्हावं हे सानाजी जन्माच्या वेळीच बोलून ठेवते: चांगला शिकारी हो, हात सफाईदार होवोत, मन मोठं होवो. पुढे मुलाने पहिली शिकार केली, मग तो पक्षी असो की सील, की ती सानाजीला द्यायची. मुलीने पहिलं काही शिवलं की तेही. सानाजी ते कौतुकाने मिरवते. मूल नीट वागत नसेल तर कान उपटण्याचा हक्क तिचा, आणि आईबापांशी बिनसलं तर मुलाला जायला आणखी एक घर असतं.

नावाचंही तसंच. बाळाला बहुधा घरातल्या किंवा गावातल्या एखाद्या माणसाचं नाव देतात, आणि ज्याचं नाव त्याच्याशी बाळाचं नातं जडतं, सौनिक. आजोबांचं नाव मिळालेल्या नातीला घरची मोठी माणसं कौतुकाने आजोबांच्या नात्यानेच हाक मारतात.

आता ही रीत मूस फॅक्टरीच्या प्रसूतिकक्षात नेऊन पाहा. नाळ कापली ड्युटीवरच्या नर्सने. तिची शिफ्ट आठ वाजता संपली. त्या मुलाची सानाजी कोण?

लोकांनी वाटा काढल्या. बाळ गावात आल्यावर त्याला नव्याने कपडे घालून सानाजी ठरवली. पण बाळंतपण पाहिलेली माणसं गावात कमी होत गेली. तरुण बायकांनी कधी कळा पाहिल्या नाहीत, पुरुषांनी बायकोला त्या अवस्थेत पाहिलं नाही. ज्या म्हाताऱ्या बायकांनी तंबूत, इग्लूत, प्रवासात अडलेल्या बायका सोडवल्या होत्या, त्यांच्याकडे विचारायला जाण्याचं कारणच उरलं नाही. गरोदरपणात कसं वागावं याच्या त्यांच्या सूचना होत्या: सकाळी उठल्याबरोबर बाहेर पड, लोळत राहू नकोस, दारात रेंगाळू नकोस, म्हणजे बाळही वाटेत रेंगाळणार नाही. ऐकणाऱ्याला अंधश्रद्धा वाटेल. पण यात बाईला चालतं-फिरतं ठेवणं आहे आणि ‘हे तुझ्याच्याने होईल’ हा धीर आहे. मूल गुडघ्यांवर किंवा उकिडवं बसून होई. उताणं झोपून, पाय वर बांधून मूल जन्माला घालायचं हे त्यांनी दक्षिणेत पाहिलं.

घरातली भांडणं आणि मारहाण वाढली त्यातही या ताटातुटीचा वाटा आहे, असं पुविर्निटुकच्या बायकांनी आणि ज्येष्ठांनी सांगितलं होतं. हे मोजून सिद्ध करणं अवघड. पण जे लोक त्या घरांत राहत होते त्यांचं निरीक्षण म्हणून मी ते गंभीरपणे घेतो.

१९८६

१९७५ मध्ये क्यूबेकच्या मोठ्या जलविद्युत प्रकल्पांच्या पार्श्वभूमीवर क्री (तिथलाच दुसरा आदिम समाज) आणि इनुइट लोकांनी सरकारांशी ‘जेम्स बे आणि उत्तर क्यूबेक करार’ केला. त्यात जमिनीवरचे बरेचसे हक्क सुटले, आणि बदल्यात शिक्षण-आरोग्यासारख्या काही गोष्टींचा कारभार स्थानिक मंडळांकडे येण्याची तरतूद झाली. पुविर्निटुकने या कराराला विरोध केला होता. इवुजिविक गावानेही, आणि सालुइत गावच्या काही लोकांनी. तेव्हा हे गाव मान डोलावणाऱ्यांचं नव्हतं, एवढं लक्षात ठेवावं.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर हडसन किनाऱ्यावरच्या सात गावांसाठी पुविर्निटुकमध्ये इनुलित्सिविक आरोग्यकेंद्र उभं राहिलं. त्या वेळी गावातल्या बायकांनी आग्रह धरला की इमारत होतेच आहे तर बाळंतपणं इथे होऊ द्या. आणि दुसरी मागणी पहिलीपेक्षा महत्त्वाची होती: आमच्याच बायकांना सुईणी म्हणून तयार करा.

इथे शब्दाबद्दल एक खुलासा. मराठीत ‘सुईण’ म्हटलं की शहरी कानाला काहीतरी जुनाट, अडाणी ऐकू येतं. या लेखात तो शब्द प्रशिक्षित, जबाबदार, सलाईन लावणाऱ्या, टाके घालणाऱ्या, गुदमरलेल्या बाळाचा श्वास सुरू करणाऱ्या व्यावसायिक बाईसाठी वापरला आहे. दुसरा शब्द शोधावासा वाटला नाही. या शब्दाची गेलेली पत हाही त्याच इतिहासाचा भाग आहे.

मागणी सोपी नव्हती. क्यूबेकमध्ये त्या वेळी सुईणीच्या कामाला कायद्याची मान्यताच नव्हती. प्रायोगिक प्रकल्पांपुरता कायदा झाला १९९० मध्ये आणि पूर्ण मान्यता आली १९९९ मध्ये. म्हणजे पुविर्निटुकने प्रांताच्या तेरा वर्षं आधी काम सुरू केलं. सिझेरियनची सोय नाही, वैमानिक उडायला तयार असला तरी हवामान तयार असेल याची खात्री नाही. अशा ठिकाणी बाळंतपणं करायची म्हणजे बेजबाबदारपणा, असं अनेक डॉक्टरांना वाटलं. तरीही केंद्राच्या काही डॉक्टरांनी साथ दिली, दक्षिणेतून काही अनुभवी सुईणी शिकवायला आल्या, आणि गावाने निवडलेल्या इनुइट बायका त्यांच्यासोबत कामाला लागल्या. प्रसूतिकेंद्र सुरू झालं. १९९८ मध्ये इनुक्जुआक गावात दुसरं आणि २००४ मध्ये सालुइतमध्ये तिसरं उघडलं.

जोखीम कोण ठरवणार

खरा बदल प्रसूतिकक्षात झालेला नाही. तो झाला एका बैठकीच्या टेबलावर.

दर आठवड्याला सुईणी, डॉक्टर आणि नर्स मिळून गरोदर बायकांच्या कागदपत्रांवरून हात फिरवतात. सातवा-आठवा महिना लागला की प्रत्येकीच्या बाळंतपणाचा आराखडा इथे ठरतो: गावात, पुविर्निटुकला, की माँट्रियलला. समितीची सूत्रं सुईणींच्या हाती आहेत. डॉक्टरचं मत वजनदार आहे, अखेरचं नाही.

कल्पनेने एक उदाहरण घेऊ. बाईचं हे चौथं मूल. मागच्या खेपेला वार पडल्यावर रक्तस्राव झाला होता. पाठ्यपुस्तकातला तक्ता तिला ‘जोखमीची’ या रकान्यात टाकतो आणि तिथे चर्चा संपते. समितीत ती तिथून सुरू होते. रक्त किती गेलं होतं, कशाने थांबलं? आता हिमोग्लोबिन किती आहे? वाढवायला किती आठवडे हातात आहेत? ती ज्या गावात राहते तिथे बाळंतपण करणारी सुईण आहे का, की पुविर्निटुकला आधी येऊन राहणं बरं? तिथे तिची आत्या असते का? मागच्या वेळी ती माँट्रियलला होती, तेव्हा मागे राहिलेल्या पोरांचं काय झालं? नवऱ्याने दारू सोडलीय म्हणतात, ती कधी सोडली? ती स्वतः काय म्हणते? आणि फेब्रुवारीत दिवस भरतायत, तेव्हा वादळं असतात, म्हणजे गरज पडली तर विमान दोन दिवस येणार नाही हे धरून चालायचं.

यातले निम्मे प्रश्न विचारायचे तर ती बाई कुणाची कोण हे माहीत असावं लागतं. इनुइट सुईणीला ते माहीत असतं, कारण ती त्याच गावात वाढलेली असते.

निर्णय ‘पाठवा’ असाही होऊ शकतो, आणि होतो. झटके येण्याची लक्षणं, आधीचं गुंतागुंतीचं सिझेरियन, दिवस भरण्याआधीच सुरू झालेल्या कळा, असं काही असलं तर कुणी हटून बसत नाही. फरक इतकाच की पाठवण्यालाही जोखीम मानलं जातं आणि ती तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घातली जाते. जुन्या पद्धतीत ते पारडं नव्हतंच. वैद्यकीय धोका मोजायचा, कुटुंब मोडण्याचा, एकटेपणाचा, पोरं वाऱ्यावर सुटण्याचा धोका मोजायचाच नाही, आणि मग निष्कर्षाला शास्त्रीय म्हणायचं. मला यात शास्त्र अपुरं दिसतं. अर्धी आकडेमोड करून उत्तर काढल्यासारखं.

सालुइतच्या एका ज्येष्ठांनी बाहेरच्या तज्ज्ञांना दिलेलं उत्तर या विषयावर काम करणाऱ्यांमध्ये आजही आठवलं जातं. दूरच्या गावात बाळंतपण धोक्याचं आहे असं तुम्हाला वाटतं ते समजू शकतो, पण अर्थ हरवलेलं आयुष्य त्याहून फार धोक्याचं आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. यात वैद्यकशास्त्राला नकार नाही. धोक्याची व्याख्या करायला आम्हीही बसणार, असं सांगणं आहे.

शिकणं

इनुइट सुईणींचं शिक्षण गावातच होतं, कामावर, बरीच वर्षं. महाविद्यालयासाठी दक्षिणेला पाठवलं तर पोरंबाळं असलेल्या बायका जाणारच नाहीत, आणि गेलेल्या कितपत परततील हा प्रश्न. म्हणून विद्यार्थिनी पहिल्या दिवसापासून अनुभवी सुईणीसोबत असते. आधी बघायचं, मग हाताखाली करायचं, मग समोर कुणी उभं असताना स्वतः करायचं. प्रत्येक कौशल्य पक्कं झालं की त्याची नोंद. इनुइट समाजात शिवण, शिकार, कातडी कमावणं हे सगळं असंच शिकतात. प्रश्नांची सरबत्ती न करता, जवळ बसून. म्हणजे पद्धत मुळातली, आणि आशय दोन्हीकडचा: औषधांच्या मात्रा आणि बाळाच्या हृदयाचे ठोकेही, आणि ज्येष्ठ बायकांकडून पोटावर हात ठेवून बाळाची बसण जोखणंही. शिकणं-शिकवणं इनुक्टिटुट (इनुइटांची भाषा), इंग्रजी आणि फ्रेंच यांच्या सरमिसळीत.

यातून दुभाषी मधून निघाला. हे वाचायला किरकोळ वाटेल. पण ‘तुला घरी मारहाण होते का’ हा प्रश्न दुभाष्यामार्फत विचारून पाहा. किंवा कळांच्या मधल्या दोन मिनिटांत ‘मला भीती वाटतेय’ हे तिसऱ्या माणसाकडून सांगून पाहा.

सुईणींचं काम बाळंतपणापुरतं राहिलं नाही. गरोदरपणातली तपासणी, बाळाची पहिली काही आठवड्यांची देखभाल, कुटुंबनियोजन, लैंगिक आजारांची तपासणी, शाळेतल्या मुलींशी बोलणं असं ते पसरत गेलं. आणि गावात कायमची नोकरी असलेल्या, जबाबदारीच्या जागेवर बसलेल्या इनुइट बायका दिसायला लागल्या. डॉक्टर, नर्स, शिक्षक सगळे बाहेरून येणारे आणि दोन वर्षांत जाणारे असतात अशा ठिकाणी याचं मोल काय हे वेगळं सांगायला नको.

आकडे

२००० ते २००७ या काळातल्या इनुलित्सिविकच्या तेराशेहून अधिक बाळंतपणांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ८६ टक्के बाळंतपणं नुनाविकमध्येच झाली होती. ९७ टक्क्यांहून अधिक नैसर्गिक होती. त्याच काळात कॅनडात साधारण दर चौथं मूल सिझेरियनने होत होतं. आठ वर्षांत चार मृतजन्म आणि पाच नवजात मृत्यू नोंदले गेले. आई किंवा बाळाला तातडीने हलवावं लागलं असे प्रसंग नऊ टक्के, त्यात मुख्य कारणं म्हणजे वेळेआधीच्या कळा आणि गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब.

हे आकडे वाचताना जपायला हवं. नुनाविकच्या आया तरुण असतात आणि तरुण आईचं सिझेरियन कमी होतं, तेव्हा देशाच्या सरासरीशी सरळ तुलना बरोबर नाही. वेळेआधी जन्माचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर होतं, आणि त्यामागे कोंदट, गर्दीची घरं, तंबाखू आणि महाग अन्न असावं असं मला वाटतं, ज्यावर सुईणीचं फारसं चालत नाही. पण ‘सिझेरियनची सोय नाही तिथे बाळंतपण म्हणजे मृत्यूला आमंत्रण’ हे जे गृहीत धरून एका पिढीला विमानात बसवलं, त्या गृहीतकाला हे आकडे आधार देत नाहीत. ज्या पुराव्याच्या नावाने बायकांना पाठवलं गेलं, तो त्या वेळी गोळाच केला गेला नव्हता, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते.

जिथे अडतं

हे प्रकरण यशोगाथा म्हणून सांगायचा मोह आवरायला हवा. इनुइट सुईणी अजून पुरेशा नाहीत. दक्षिणेतून येणाऱ्या सुईणींवर भिस्त आहे, आणि त्या येतात नि जातात. गावातली सुईण रात्री-अपरात्री कामावर असते, तिची स्वतःची पोरं लहान असतात, आणि ज्या घरात बाळ दगावलं त्या घराशी तिचं नातंही असतं. परक्या नर्सला विमानात बसून निघून जाता येतं. हिला दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात त्या आईसमोर उभं राहायचं असतं. गावाने गावाची सेवा करावी असं म्हणताना हा भार आपण किती सहज तिच्या अंगावर टाकतो! तिच्या सुटीची, घराची, मन मोकळं करण्याच्या जागेची तरतूद नसेल तर ‘समुदायाच्या हाती सेवा’ म्हणजे समुदायातल्या चार बायकांच्या जिवावर सेवा.

दुसरी अडचण प्रसाराची. नुनाविकचा अनुभव चार दशकांचा आहे, पण कॅनडाच्या उत्तरेत असंख्य आदिम गावांमधल्या बायका आजही बाळंतपणासाठी शेकडो किलोमीटर दूर जातात. केंद्र सरकारच्या योजनेतून प्रत्येकीला सोबतीच्या माणसाचा खर्च मिळेल असं ठरायला २०१७ साल उजाडलं. तोवर अनेकींनी एकटीनेच प्रवास केला. सोबतीचा खर्च देणं चांगलंच. पण बाळंतपण कुठे व्हावं हा मूळ निर्णय होता तिथेच राहिला, फक्त तो थोडा सुसह्य झाला. आदिम लोकांसाठीच्या बऱ्याच सुधारणा याच पायरीवर थांबतात: भिंतीवर त्यांची चित्रं, दारात त्यांच्या भाषेत स्वागत, कर्मचाऱ्यांना दोन तासांचं संवेदनशीलतेचं प्रशिक्षण, आणि निर्णयाचं टेबल जुनंच.

न्यूझीलंडच्या माओरी नर्स इरिहापेती रॅम्सडेन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ ही कल्पना मांडली. तिचा गाभा असा की सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणारा ठरवतो, देणारा नाही. पुविर्निटुकच्या बायकांनी साधारण त्याच काळात, हा शब्द न वापरता, तेच मागितलं होतं.

क्यूबेकमध्येच याची दुसरी बाजू २८ सप्टेंबर २०२० रोजी साऱ्या जगाने पाहिली. जोलिएतच्या रुग्णालयात सात मुलांची आई असलेली आतिकामेक या आदिम समाजाची जॉयस एशाक्वान मरणापूर्वी मोबाइलवरून थेट प्रक्षेपण करत होती, आणि तिला शिव्या देणाऱ्या कर्मचाऱ्यांचे आवाज त्यात ऐकू येत होते. एक वर्षाआधीच प्रांताच्या चौकशी आयोगाने सार्वजनिक सेवांमधल्या भेदभावावर अहवाल दिला होता आणि मुख्यमंत्र्यांनी माफीही मागितली होती. नुनाविकची बाई माँट्रियलला निघते तेव्हा ती याच प्रांतातल्या रुग्णालयांत चाललेली असते.

ती चौदा टक्के

म्हणून माझं लक्ष पुन्हा त्या १४ टक्क्यांकडे जातं. ज्या बायकांना दक्षिणेत जावंच लागतं, त्यांच्या बाळंतपणात यातलं काय पोचतं?

माँट्रियल विमानतळाजवळ दोर्वालमध्ये उल्लिविक नावाचं निवासस्थान आहे. २०१६ च्या अखेरीस ते उघडलं. उपचारांसाठी आलेले नुनाविकचे लोक तिथे उतरतात. आसपास आपल्या भाषेत बोलणारी माणसं असतात, एवढा तरी दिलासा. पण बाजूने महामार्ग जातो, शहर अनोळखी असतं, आणि अवघडलेली बाई तिथे दिवस मोजत बसते, जशी तिची आई मूस फॅक्टरीत बसली असेल. कळा सुरू झाल्यावर ती ज्या रुग्णालयात जाते तिथल्या टेबलावर तिच्या गावची सुईण बसलेली नसते.

पुढचं काम मला इथे दिसतं, आणि ते फार खर्चाचंही नाही. गावच्या सुईणीला त्या रुग्णालयाच्या चर्चेत फोनवरून का होईना, मत असलेली जागा. कळांच्या वेळी इनुक्टिटुट बोलणारं, ओळखीचं माणूस. आणि बाईने आधीच नाव सांगून ठेवलेली सोबतीण तिथे असेल तर, सिझेरियन असलं तरी, कात्री तिच्या हातात द्यायची. ते शक्य नसेल तर बाळाला पहिले कपडे कुणाच्या हातचे घालायचे, हे त्या कक्षात कुणीतरी बाईला विचारायचं.